उसनं गाणं, आपला घसा

विषय कोणता घेणार असं संयोजकांनी फोनवर विचारलं, तेव्हा आम्ही म्हटलं, ब्रिटिश ब्लूज-रॉक गायकाची कारकीर्द. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, घ्या की, पण समोर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची माणसं बसणार आहेत, त्यांचं काहीतरी त्यात येऊ द्या. तर आम्ही इथूनच निघतो. इंग्लंडला वाटेत जाऊन येऊ, आणि बोलायचंय ते मुख्यतः एका मराठी गायकाबद्दल.

सुरुवात नकलेपासून करू. नक्कल म्हणजे काय हे उल्हासनगरच्या माणसाला बाहेरच्याने येऊन शिकवू नये. 'मेड इन यूएसए' हा विनोद तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. (हशा) हसताय, कारण तो विनोद तुमच्यावर इतक्या वेळा झालाय की आता तो तुमचाच झालाय. पण त्याच्या मागे काय आहे? दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, तिच्या बराकी, फाळणीनंतर त्या बराकींत आणून ठेवलेली सिंधी कुटुंबं, १९४९ साली गावाला मिळालेलं नाव. आजही पत्ता सांगताना आपण 'कॅम्प नंबर चार' म्हणतो. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाने बाजारात जे खपतं ते बनवायला घेतलं. नक्कल कधी आळसातून होते, कधी पोटासाठी होते, आणि कधी शिकण्यासाठी होते. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. गाण्यात तर फारच सारख्या दिसतात, आणि म्हणून समीक्षकाची पंचाईत होते.

नंदू भेंडे हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? चार... पाच हात. बरं. त्यांनी गायलेलं एक गाणं मात्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, ते पुढे सांगतो. मराठी घरातला, इंग्रजी रॉक गाणारा, स्टेजवर त्या ताकदीने उभा राहणारा हा गायक. त्याच्या कारकिर्दीकडे नीट पाहिलं तर मराठी गाण्याने कोणत्या आवाजाला घरात घेतलं आणि कोणत्या आवाजाला ओट्यावर बसवलं, हे कळतं, असं आम्हाला वाटतं.

पण त्याआधी इंग्लंड. ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुरांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना ही पुनरावृत्ती परकी वाटणार नाही. दुसऱ्यांदा म्हणताना तीच ओळ जड होते. ही माणसं कामासाठी शिकागोसारख्या शहरांत गेली, तिथल्या गोंगाटात गाणं ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. १९५८ साली मडी वॉटर्स हा त्यांच्यातला मोठा गायक इंग्लंडला आला, ती वीजेची गिटार घेऊन. तिथले बरेच रसिक दचकले. त्यांना शेतातला, साध्या लाकडी गिटारीचा ब्लूज हवा होता. पाच वर्षांनी तो साधी गिटार घेऊन परत आला, तर तोवर तिथल्या पोरांना वीजेचीच हवी होती! अस्सल काय आणि नक्कल काय, हे ठरवण्याची घाई नेहमी दूरच्या श्रोत्याला जास्त असते. ज्याचं गाणं असतं तो बिचारा हातात येईल ते वाद्य वाजवत असतो.

ही जी पोरं होती, त्यांतून ब्रिटिश ब्लूज-रॉक जन्माला आलं. त्यातल्या जो कॉकरची गोष्ट तुमच्या-आमच्या ओळखीची आहे, म्हणून तोच घेतो. गाव शेफिल्ड, पोलादाचं गाव. जन्म १९४४. गॅस बोर्डात गॅस जोडण्या करायचं काम शिकणारा पोरगा, रात्री पबमध्ये व्हान्स अर्नोल्ड असं भलतंच नाव लावून गायचा. म्हणजे असं समजा, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्यात दिवसाची शिफ्ट करून कुणी रात्री ऑर्केस्ट्रात उभा राहतोय. १९६४ साली त्याने बीटल्सच्याच एका गाण्याची तबकडी काढली, ती पडली, आणि गडी परत गॅसच्या नळ्यांकडे गेला. चार वर्षांनी पुन्हा बीटल्सचंच गाणं, 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. या वेळी ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या लाखोंच्या जमावासमोर त्याने ते गायलं आणि नाव कायमचं झालं.

दोन्ही वेळा गाणं उसनंच होतं. मग फरक कशात पडला? मूळ गाणं १९६७ चं, हलकं, चार मात्रांच्या चालीत टुकटुक चालणारं, शाळेच्या सहलीत म्हणावं तसं. कॉकरने त्याचा वेग पाडला आणि ताल बदलला. आपल्या दादऱ्यात जसा सहाचा झोका असतो, तसा झोका त्याला दिला. सुरुवातीला चर्चमध्ये वाजावा तसा ऑर्गन. मागे बायकांचे आवाज प्रश्न विचारतात आणि हा उत्तर देतो. मूळ गाण्यात मित्रांची मदत ही एक मजेची गोष्ट होती. इथे ती मिळाली नाही तर हा माणूस मरेल असं वाटतं. शब्द जवळपास तेच. बदलला तो घसा, आणि घशासाठी ताल.

हा घसा त्याने कुठून आणला, तर रे चार्ल्सकडून. ते तो लपवत नव्हता. रे चार्ल्स काळा, अंध, अमेरिकन. कॉकर गोरा, शेफिल्डचा. काळ्यांनी घडवलेल्या आवाजावर गोऱ्यांनी जास्त पैसा केला हा हिशेब खरा आहे, आणि कॉकर आम्हाला कितीही आवडला तरी तो मिटवता येत नाही. तरीही त्याचं गाणं ऐकताना हा माणूस कुणाचा तरी वेष घालून उभा आहे असं वाटत नाही. गाताना त्याचे हात वाऱ्यातच गिटार वाजवत असायचे, अंग वाकडंतिकडं व्हायचं. त्याची टवाळी व्हायची. पण ते अंग शेफिल्डच्या मजुराचंच होतं.

आता मुंबई. साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासमध्ये इंग्रजी गाणारे बँड उगवले होते. त्यांना मोठा मंच कुणी दिला, तर एका सिगारेट कंपनीने! 'सिम्ला बीट' नावाची स्पर्धा, सिगारेटच्या ब्रँडच्या नावाने. १९७० आणि १९७१ साली तिच्यातल्या बँडच्या तबकड्याही निघाल्या. परदेशी तबकडी तेव्हा सहज मिळत नव्हती. कुणाच्या तरी काकाने विलायतेहून आणलेली एकच तबकडी दहा पोरं झिजेपर्यंत ऐकत, आणि तशीच्या तशी वाजवायला शिकत. 'अगदी रेकॉर्डसारखं' ही सर्वांत मोठी शाबासकी. आम्हाला वाटतं, ही शाबासकीच घात करणारी होती. कॉकरला जर कुणी 'अगदी बीटल्ससारखं' म्हटलं असतं, तर तो पुन्हा गॅस बोर्डात गेला असता. मुंबईत मात्र श्रोत्याला बदललेलं गाणं नको होतं. त्याला लंडन हवं होतं, जसंच्या तसं, चौपाटीपासून दहा मिनिटांवर.

नंदू भेंडे या जगात गायले. वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट ही त्यांच्याशी जोडलेली बँडची नावं. घर कसं, तर वडील आत्माराम भेंडे, मराठी रंगभूमीवरचं विनोदाचं मोठं नाव. आई आशा भेंडे, त्याही रंगभूमीवरच्या, आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक म्हणूनही नावाजलेल्या. माहेरच्या बेने इस्रायल, इझिकेल. इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल हे नंदूंचे मामा. म्हणजे एका खोलीत मराठी फार्स आणि दुसऱ्या खोलीत इंग्रजी कविता, असं हे घर. अशा घरातल्या मुलाला दोन भाषा दोन खिशांत ठेवाव्या लागत नसतील असं आपल्याला वाटतं. पण गाण्यात त्या बराच काळ वेगवेगळ्या खिशांतच राहिल्या.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं. हे मूळचं इंग्लंडचं रॉक ऑपेरा. १९७० साली आधी तबकडी आली, मग रंगमंच. त्या तबकडीवर येशूसाठी इयान गिलन, म्हणजे डीप पर्पलचा गायक, आणि जुडाससाठी मरे हेड. जुडास हा येशूचा विश्वासघात करणारा शिष्य, पण या नाटकात त्याला बुद्धी आहे, प्रश्न आहेत, आणि अगदी सुरुवातीचं, सर्वांत तिखट गाणं त्याला आहे. येशूला सहन करायचं असतं, जुडासला ओरडायचं असतं. हा जुडास मुंबईत नंदू भेंडेंनी केला आणि त्यावर त्यांचं नाव झालं.

भूमिका ध्यानात घ्या. रॉकच्या आवाजाला गोष्टीत जागा मिळाली ती गद्दाराची. गोड गळा विश्वास ठेवतो, घोगरा गळा शंका घेतो. आणि मराठीत जेव्हा हाच आवाज आला, तेव्हा कुणाच्या वाट्याला आला? गुंडाच्या.

१९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणलं. लेखन पु. ल. देशपांडे, दिग्दर्शन जब्बार पटेल. इथे मघाची नकलेची गोष्ट पुन्हा हातात घ्या. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे नावाच्या लेखकाने 'बेगर्स ऑपेरा' लिहिला, उच्चभ्रूंच्या इटालियन ऑपेराची टर उडवत, आणि चाली घेतल्या रस्त्यावरच्या. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनला ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्रीपेनी ऑपेरा' केला. आणखी पन्नास वर्षांनी पुलंनी तो मराठीत आणला, तमाशाच्या अंगाने. अडीचशे वर्षांची उसनवारी आहे ही, तीन देशांची, आणि प्रत्येक वेळी माल नवा निघाला. यूएसएवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. (हशा, टाळ्या)

भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे, अशा तिघांचा हात या नाटकाच्या संगीताला लागला. त्यामुळे लोकसंगीत, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य वळणाचं संगीत एकाच रंगमंचावर एकमेकांच्या पायात पाय घालत उभं राहिलं. झिपरीच्या भूमिकेत माधुरी पुरंदरे होत्या. त्यांच्याही गळ्यात एक फ्रेंच वळण होतं, पुढे त्यांनी एदित पियाफची गाणी गायली हे तुम्हाला माहीत असेल. आणि गुंडांचा म्होरक्या अंकुश, म्हणजे ब्रेख्तचा मॅकहीथ, होते नंदू भेंडे.

इथे आम्ही थोडं तांत्रिक बोलणार आहोत, कंटाळू नका. इंग्रजी रॉक गायक शब्द तालाच्या मागे खेचतो. त्या भाषेत शब्दातला एक भाग जोरकस असतो, बाकीचे गिळले तरी चालतात. गायक जोराचा भाग समेच्या जरा मागे टाकतो आणि उरलेले खाऊन टाकतो; त्या खेचण्यातच ब्लूजची नशा असते. मराठीत असं करून पाहा. आपल्याकडे प्रत्येक अक्षराला स्वतःचं वजन. मधलं एखादं अक्षर गिळलं की शब्दच मोडतो, 'कळत' आणि 'करत' यांतला फरक जातो. 'ळ' आणि 'ण' वर जीभ मागे वळवावी लागते, तिथे लांब ओरडता येत नाही. म्हणजे इंग्रजी रॉकची सवय लागलेल्या गळ्याला मराठी शब्द दिले, तर एक तर शब्द मरणार, नाही तर रॉक मरणार.

यातून सुटका कशी झाली? आमचं म्हणणं असं, की ती वाट लावणीने आधीच करून ठेवली होती. तमाशातली बाई शब्द चावून म्हणते. ती अक्षर गिळत नाही, त्याच्यावर आपटते, आणि ओळीच्या शेवटी 'आ' किंवा 'ई' मोकळा सोडून तिथे सगळी ताकद लावते. आपल्या ओळी बहुतेक वेळा स्वरावर संपतात, ही आपली श्रीमंती आहे. इंग्रजी गायकाला शेवटच्या 'ट' आणि 'ड' ने तोंड बंद करावं लागतं. पुलंच्या कानाला ही गोष्ट नक्की ठाऊक होती, पेटी वाजवणारा माणूस तो. त्यामुळे अंकुशच्या तोंडी रॉकही चालतं आणि मराठीही जगते. नंदू भेंडेंच्या ज्या कामासाठी मराठी माणूस त्यांना ओळखतो ते हे. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत कमी उसनं काम तेच, आणि ते तीनदा उसनवारी झालेल्या नाटकात आहे.

मग यातून मराठी रॉक का उभं राहिलं नाही? एका नाटकाने काय होणार, असं म्हणता येईल, आणि ते बरंच खरं आहे. पण दुसरीही गोष्ट होती. त्या काळच्या मराठी सुगम संगीतात आवाजाला इस्त्री असायची. सुधीर फडके, अरुण दाते ही आपली लाडकी माणसं, आणि त्यांची थोरवी आम्ही कमी करत नाही. पण भावगीताची अट अशी, की दुःख झालं तरी आवाज फाटता कामा नये. मध्यमवर्गीय घरात रेडिओ लागायचा तो या आवाजाचा. त्या घरातल्या पोराला फाटका आवाज हवासा वाटला की तो थेट लंडनकडे बघायचा. मध्ये कल्याण लागतं हे त्याच्या ध्यानातच यायचं नाही.

कल्याणला प्रल्हाद शिंदे राहत होते.

जन्म १९३३, मंगळवेढ्याचा. आईवडील कीर्तन करणारे, त्यांच्याबरोबर लहानपणीच गावोगाव हिंडणं. पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये. इस्माईल आझाद म्हणजे १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीने देशभर पोचलेले कव्वाल. तर कोरसमध्ये टाळ्या देत, मुख्य गायकाच्या ओळीला ओळ देत हा गळा तयार झाला. कॉकर ज्याला पबमध्ये शिकला, ते शिंदे कव्वालीच्या मंचावर शिकले: ध्वनिक्षेपक कसलाही असो, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज गेला पाहिजे. म्हणून तो वरच्या पट्टीतला, छातीतून काढलेला, कडेला थोडा खरखरीत आवाज. 'पाऊले चालती पंढरीची वाट' पुन्हा ऐका. भक्तिगीत म्हणून नको, आवाज म्हणून ऐका. वरच्या सुरावर जाताना तो सूर उचलून ठेवत नाहीत, खेचून नेतात, पायवाटेवर ओझं खेचावं तसा. भावगीतवाला तोच सूर फुलासारखा ठेवला असता.

याच गळ्यातून भीमगीतं आली. आंबेडकरी वस्त्यांत रात्र रात्र दोन पार्ट्यांचे सामने चालायचे, सवाल-जवाब व्हायचे, आणि बहुतेक गाण्यांच्या चाली उसन्या असायच्या. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली लिहायला सुरुवात केली तीच एका हिंदी गाण्याच्या चालीवर. सिनेमाची चाल घ्यायची आणि तिच्यात बाबासाहेबांचा विचार भरायचा. याला कुणी नक्कल म्हणेल का? चाल सगळ्यांच्या तोंडात आधीच होती, त्यामुळे विचार एका रात्रीत पाठ व्हायचा. ही युक्ती आहे, आणि अतिशय हुशार युक्ती आहे. मुंबईच्या बँडवाल्यांनी चाल आणि शब्द दोन्ही बाहेरून घेतले; इथे चालीच्या पोटात आपला माल होता.

आणि एक अवघड प्रश्न इथे येतो, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुने देव सोडण्याची प्रतिज्ञा आहे. मग भीमगीतांच्या मंचावरचा गायक विठ्ठलाची गाणी का गातो? हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने विचारला तर तो त्याचा हक्क आहे. पण बाहेरच्याने, ज्याच्या घरी आषाढीला हीच गाणी लागतात आणि गाणाऱ्याचं नावही ठाऊक नसतं, त्याने हा प्रश्न विचारू नये. कंपनीला देवाची तबकडी हवी होती, देवाची तबकडी खपत होती, गायकाला घर चालवायचं होतं. रे चार्ल्सबद्दल उलट्या बाजूने असंच झालं. चर्चमधल्या गाण्याच्या वळणावर त्याने प्रेमाची गाणी म्हटली तेव्हा धार्मिक माणसं खवळली. घसा एकच असतो. त्यातून देव जातो, माणूस जातो, बाबासाहेब जातात, आणि ऐकणारा आपल्यापुरतं ठेवून घेतो. आम्हाला त्यात ढोंग दिसत नाही. दिसतं ते असं, की ज्या आवाजाने महाराष्ट्राची पंढरी गायली, त्या आवाजाला महाराष्ट्राच्या संगीत समीक्षेने फार काळ पान दिलं नाही. ब्लूजबद्दल पुस्तकं वाचणाऱ्या आमच्यासारख्यांनीही नाही.

तुम्ही तर हा आवाज रोज ऐकता. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये भजनी मंडळाचा डबा असतो. टाळ असतात, कुणी डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतो, आणि गाडीच्या आवाजावर मात करायची म्हणून सगळे घसा ताणून गातात. तिथे इस्त्रीचा आवाज टिकायचाच नाही. शिकागोत गिटारला वीज का जोडली गेली, ते त्या डब्यात उभं राहिल्यावर आपोआप कळतं. आणि उल्हासनगरच्या सिंधी मंडळींनी आपल्या भगताची आठवण काढावी. पायात घुंगरू, गाणं, नाच, मध्येच गोष्ट, रात्रभर. संत कंवररामांचं नाव अजून तुमच्या घराघरात आहे. तोही आवाज मोकळ्या आकाशाखालचाच.

असो. १९८२ साली काय झालं बघा. कॉकर तोवर दारूने आणि थकव्याने बराच खाली गेला होता. त्याला एका हॉलिवूडच्या चित्रपटात जेनिफर वॉर्न्सबरोबर युगुलगीत मिळालं, त्या गाण्याला ऑस्कर मिळालं आणि त्याची दुसरी कारकीर्द सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत 'डिस्को डान्सर' आला. बप्पी लाहिरींचं संगीत. त्यातलं 'कृष्णा धरती पे आजा तू' आठवतंय? आता डोकी हलली! तो आवाज नंदू भेंडेंचा. आणि ती चाल टिलमन ब्रदर्स नावाच्या, इंडोनेशियातून हॉलंडला गेलेल्या बँडच्या गाण्यावरून घेतलेली, ज्याचं नाव होतं 'जीझस'. म्हणजे आधी येशूचा जुडास झालेला गायक आता येशूच्या चालीवर कृष्णाला हाक मारतोय. असं काही कादंबरीत लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

ते गाणं आम्हाला आवडतं, लाज कशाला. पण त्यात आणि अंकुशमध्ये फरक आहे. डिस्कोचा ठोका यंत्रासारखा सरळ. त्यात शब्द मागे खेचायला जागा नाही, पुढे ढकलायलाही नाही. गळ्याची ताकद दिसते, गळ्याची मर्जी दिसत नाही. कॉकरला त्याच वर्षी एक गुळगुळीत गाणं मिळालं तरी त्याच्या मागे जुने श्रोते उभे होते, त्यांना हा घसा ओळखीचा होता, आणि पुढची तीस वर्षं ते युरोपभर त्याला ऐकायला आले. नंदू भेंडेंच्या मागे असे श्रोते मराठीत तयारच झाले नव्हते. त्यांनी पुढे दूरचित्रवाणी मालिकांना संगीत दिलं, रॉकचे कार्यक्रम करत राहिले, तरुण पोरांना हाताशी धरत राहिले. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॉकर गेला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्यालाही बरी जागा मिळाली होती.

प्रल्हाद शिंदे जून २००४ मध्ये गेले, वामनदादांच्या मागोमाग. त्यांच्या घरातला आवाज मात्र थांबला नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, रेडिओच्या आणि मोठ्या कंपनीच्या परवानगीची गरज उरली नाही, आणि आनंद शिंद्यांचा 'नवीन पोपट' गल्लोगल्ली वाजला. नाक मुरडणाऱ्यांनी मुरडलं. आज आदर्श शिंदे मराठी सिनेमात गातो तेव्हा मागे विजेची गिटार असते, ड्रम असतात, आणि वर तोच छातीतून काढलेला, कडेला खरखरीत सूर. मल्टिप्लेक्समधली पोरं त्यावर उड्या मारतात. या गाण्यांना कुणी रॉक म्हणत नाही, आणि म्हणावं असा आमचा हट्टही नाही. पण सत्तरच्या दशकातला गिटारवाला आणि कव्वालीच्या मंचावरचा गायक एकाच मध्य रेल्वेने जाऊ शकत असताना भेटले नाहीत, ती भेट अशी दोन पिढ्यांनी झाली. नंदू भेंडेंना त्या मंचावर एक रात्र उभं केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही. शब्दाला तालाच्या मागे खेचणारा गळा आणि टाळ्यांनी त्याला पुढे ढकलणारा कोरस! अंकुशचं काम ज्यांनी पाहिलंय ते सांगू शकतील की हे अशक्य नव्हतं.

बोलणं बरंच झालं. संयोजक मघापासून घड्याळ दाखवताहेत, आणि चहा बाहेर आलाय. चहानंतर तीन ध्वनिमुद्रणं लावणार आहोत: कॉकरचं वुडस्टॉकचं, मग 'डिस्को डान्सर'मधलं, आणि शेवटी प्रल्हाद शिंद्यांचं. कॉकरच्या गाण्यात कोरस कधी येतो ते पाहा, आणि शिंद्यांच्या गाण्यात कोरस ओळ उचलतो तेव्हा मुख्य आवाज काय करतो, श्वास घेतो की कोरसच्या वर चढतो, तेवढं ऐका. ज्यांची सात अठ्ठेचाळीसची गाडी आहे त्यांनी शिंदे आधी लावायला सांगा, आम्ही क्रम बदलू.